उरलेली दोन धुराडी

"बाकीची दोन धुराडी कधी बसवणार?"

हा प्रश्न परवा रात्री पावणेअकराला विचारला गेला आणि अजून माशाच्या काट्यासारखा घशात अडकून आहे. विचारणारे मामा. लग्नाला आलेले, लग्नाचे लाडू संपले तरी मुक्काम न हललेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हातात चिवड्याची वाटी, उभे थेट माझ्या खुर्चीमागे.

समोर माइनक्राफ्टच्या, म्हणजे ठोकळे रचून बांधायच्या संगणक-खेळाच्या, समुद्रात मी बांधत असलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट उभी होती. पांढरं अंग, हिरवा पट्टा, तीन डोलकाठ्या आणि धुराडी दोन. दोनच. १८९१ साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ म्हणून पॅसिफिकमध्ये धावायला लागली तेव्हाही दोनच होती. १९१४च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली, तिचं हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ केलं, तेव्हाही त्यांनी वाढवून घेतली नाहीत.

"टायटॅनिकला चार असतात," मामा म्हणाले.

"मामा, हे टायटॅनिक नाही."

"मग दोन कुणी खाल्ली?"

खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एखादी वस्तू मुळातच दोन होती हे पटत नाही. चार मंजूर झाल्या असणार आणि दोन बसवल्या असणार. टायटॅनिकचं चौथं धुराडं बॉयलरच्या धुरासाठी नव्हतंच, मुख्यतः हवा खेळवायला होतं, असं मी सांगून पाहिलं. त्यावर मामांनी चिवड्यातला शेंगदाणा वेगळा काढला आणि म्हणाले, "म्हणजे त्याचंही बिल निघालं."

आता या माणसाला हिरव्या पट्ट्याचं दुःख काय सांगायचं! १९०७च्या हेग कराराप्रमाणे सैन्याच्या इस्पितळ-जहाजाचं अंग पांढरं आणि त्यावर साधारण दीड मीटर रुंदीचा आडवा हिरवा पट्टा. खासगी संस्थांनी किंवा दानशूरांनी पाठवलेलं असेल तर पट्टा लाल. हे जहाज महाराजांच्या पैशाचं, पण काम सैन्याचं; मी हिरवा धरला. अडचण रंगाची नाहीच, त्या दीडची आहे. या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर. काँक्रीटचा अर्धा ठोकळा, म्हणजे स्लॅब, मिळतच नाही. डार्क प्रिझमरिन नावाच्या गडद हिरवट दगडाचा स्लॅब मिळतो, पण तो हिरव्या काँक्रीटशेजारी शेवाळल्यासारखा दिसतो. बरं, खालचा अर्धा तो लावला, तर वरच्या अर्ध्यात पांढरा क्वार्ट्झचा स्लॅब बसवता येत नाही. एका घरात दोन जातींचे स्लॅब नांदत नाहीत. मग जहाजाला कमरेभोवती अर्ध्या मीटरची खाच पडते.

म्हणून मीटरला दोन ठोकळे धरले. पट्टा बरोबर तीनचा झाला. लांबी ४५५ फूट, म्हणजे १३९ मीटर, म्हणजे २७८ ठोकळे. रुंदी ५१ फूट, म्हणजे ३१ ठोकळे. हा ३१ विषम आला तेव्हा मी खरोखर हात जोडले. एकास एक मापात ही रुंदी साडेपंधरा येते; १६ धरले तर मधली ओळच उरत नाही, नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या चोचीला, टोकावर दोन ठोकळे लागतात आणि पुढे झुकलेली ती नाजूक नाळ लादीपावाच्या कडेसारखी दिसते. विषम रुंदीत टोक एका ठोकळ्यावर येतं. ज्यांना जहाज बांधायचंय त्यांनी बाकी सगळं विसरा, पण रुंदी विषम ठेवा.

पट्टा सुटला, खाटा बिघडल्या. खेळातली खाट दोन ठोकळे लांब, एक ठोकळा रुंद. एकास एक मापात ती नेमकी दोन मीटरची, दृष्ट लागेल अशी. दुप्पट मापात तीच एक मीटरची होते. मी वॉर्डात अशा चाळीस मांडल्या होत्या. मामा वाकून बघत म्हणाले, "बाळंतिणींचं जहाज आहे का? एवढे पाळणे?"

त्या खाटा मी त्याच रात्री उपटल्या. प्रश्नासाठी नाही, तो बरोबर होता म्हणून.

नवी खाट चार बाय दोनची. क्वार्ट्झचे स्लॅब वरच्या अर्ध्यात लावायचे, म्हणजे खाली पोकळी राहते आणि वर पांढरा गालिचा नीट बसतो. खालच्या अर्ध्यात लावले तर गालिचा अधांतरी तरंगतो. उशीला बर्फाचा एक थर. उशी फार सुरेख दिसते आणि वितळते. खेळातल्या प्रकाशाची पातळी १२ किंवा त्याहून जास्त झाली की बर्फ टिकत नाही. कंदील देतो १५ आणि दर ठोकळ्याला एक कमी होतो. म्हणजे कंदील उशीपासून निदान चार ठोकळे लांब हवा. सोल लँटर्न दहाचाच असतो, उश्या वाचतात, पण त्या निळ्या उजेडात वॉर्डाचं शवागार होतं.

आणखी एक. आधी सांगाडा, मग आतलं पाणी उपसणं, मग सामान. पाण्यात ठेवलेला स्लॅब पाणी पोटात धरून बसतो. भिंती सुकल्यावरही खाटेखालून झरा वाहतो आणि गळती कुठे आहे ते शोधत तुम्ही तळ फोडत सुटता.

मामांना यातलं काही रुचलं नाही. रुचलं ते एकच, एस्टिमेट. पट्टा दोन्ही बाजूंनी मिळून २७८ गुणिले २ गुणिले ३, म्हणजे १६६८ ठोकळे. चार वाळू, चार खडी आणि एक रंग यांतून आठ ठोकळ्यांची काँक्रीटची पावडर निघते, तेव्हा हिरवा रंग २०९ लागतो. तो निवडुंग भट्टीत भाजून मिळतो. आठ निवडुंगांना एक कोळसा, म्हणजे कोळसे २७. वाळू ८३६, खडी ८३६.

"चौसष्टच्या गड्ड्या किती?"

"तेरा. आणि वर चार."

"तेराच लिहायच्या. वरचे चार साइटवर सापडतात." पहिल्यांदाच त्यांनी वाटी खाली ठेवली. पावडर हवेत ठेवली तर वाळूसारखी खाली पडते, पाण्याला टेकली की काँक्रीट होते आणि कुदळीशिवाय फोडलं तर हाती काहीच येत नाही, हे ऐकून तर ते गहिवरलेच. म्हणाले, आमच्या कालव्यालाही असंच पाहिजे होतं.

मी चुकलो तो इथे. माणूस ऐकतोय असं वाटून पुढचं सांगून बसलो. की युद्धानंतर हीच ‘लॉयल्टी’ सिंदिया स्टीम नॅव्हिगेशननं घेतली. की ५ एप्रिल १९१९ला ती मुंबईहून लंडनला निघाली आणि त्याच तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. की १९२३ साली ती मुंबईतच भंगारात गेली. बुडाली नाही, मामा. बुडालीच नाही, म्हणून कुणाला माहीत नाही. पहिल्याच फेरीत बुडालेल्या जहाजाची धुराडी पोराटोरांना पाठ असतात. जखमी वाहून नेणाऱ्या जहाजाला बघितलं की लोक धुराडी मोजून कमी भरतात.

"कंपनी कुणाची म्हणालास?"

"वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी..."

"वालचंद? अरे, आमच्या सोलापूरचे!"

सकाळी चहाला मामा फोनवर होते. पलीकडे मामी असणार. "भाचा ना, टायटॅनिकच बांधतोय गं. पण आपल्या सोलापूरच्या माणसाचं. दोन धुराडी बाकी आहेत फक्त."

मी काही बोललो नाही. दोन नंबरच्या वॉर्डात रात्रीतून सहा उश्या वितळल्या होत्या.