२५२० ही संख्या 'एकमेव' नाही

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे: १ ते १० या सर्व अंकांनी निःशेष भाग जाणारी जगात एकच संख्या, २५२०. रामानुजन यांनी ती शोधली आणि जगभरचे गणितज्ञ थक्क झाले.

भाग जातो, हे खरं. पण ५०४० लाही जातो, ७५६० लाही, २५२० च्या प्रत्येक पटीला जातो. अशा संख्या अनंत आहेत. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेत शिकलेला लसावि. तो काढायला ८, ९, ५ आणि ७ पुरतात: ८ × ९ = ७२, ५ × ७ = ३५, आणि ७२ × ३५ = २५२०. २ आणि ४ आठातच आले, ३ नवात. ६ आणि १० आपोआप सामावले.

संदेशात पुढे ७ दिवस × ३० दिवस × १२ महिने = २५२० असंही गूढ आहे. त्यात गूढ काही नाही. ३० × १२ = ३६०, म्हणजेच ८ × ९ × ५. उरलेला ७ आठवड्याने पुरवला.

शोधाचं म्हणाल, तर ५०४० ला १ ते १० ने भाग जातो हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' (कायदे) या ग्रंथात लिहून ठेवलंय, रामानुजन यांच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी.

रामानुजन यांचं खरं काम याहून कितीतरी खोल आहे, म्हणून हा संदेश जास्त खटकतो. आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येहून जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ४८ विभाजकांची २५२० अशांपैकीच एक आहे.