शपथ झाली, चहा झाला, आणि ठराव पडला

आज २ ऑक्टोबर. ग्रामसभेत आधी सगळ्यांनी हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ घेतली. मग चहा झाला. मग पुढचाच विषय, व्यसनमुक्ती ओपीडीला ना हरकत, तो नामंजूर! कोणालाच काही वाटलं नाही, बाप्पा.

मागितलं काय होतं? बसथांब्यामागची बंद पडलेली शाळाखोली, आठवड्यातून दोन दिवस. एक डॉक्टर, एक नर्स, एक समुपदेशक. खाट एकही नाही. नवं बांधकाम नाही, शेतजमीन नाही, म्हणजे एनएची, जमीन बिगरशेती करून घ्यायची, भानगडही नाही. तरी म्हणे गावठाणात नको, नाल्यापलीकडच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर, न्या. ई-क्लासची फाईल तहसील, जिल्हाधिकारी असं फिरत राहते, आणि मिळालीच जागा तर पावसाळ्यात नाला कोण ओलांडणार? थरथरणारा माणूस?

"बाहेरगावचे बेवडे येतील, पोरींचा रस्ता आहे." अरे, गावचे काय कमी आहेत? पव्वा किराण्याच्या दुकानात मिळतो, त्याला कोणी ना हरकत मागितली? महामार्गापासून दारूचं दुकान ५०० मीटर दूर असावं असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, मग २० हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी तेच २२० मीटर केलं. ओपीडी मात्र दोन किलोमीटर लांब पाहिजे.

शेजारच्या पुऱ्यातल्या त्या माणसाचं सगळ्यांना माहीत आहे. यंदा पोळ्याला बैलाच्या पाया पडून दारू सोडली. त्याच रात्री हात कापायला लागले, घाम, उलट्या. तिसऱ्या रात्री खाटेवर बसून नसलेला कासरा ओढत बैल हाकू लागला, "धर तास, धर" म्हणत. लोक म्हणाले, लागीर झालं. दोरीनं बांधलं, मांत्रिक आणला.

लागीर नाही, दारू तुटल्याचा त्रास आहे तो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. भास आणि भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. यात ताप चढतो, नाडी धावते, उपचार नसेल तर माणूस जातोसुद्धा. डॉक्टर लोराझेपाम किंवा डायझेपाम देऊन पाच-सात दिवसांत डोस उतरवत आणतात. सौम्य त्रास असेल तर हे घरी राहून जमतं, पण रोज कोणीतरी नाडी, बीपी, थरथर बघायला हवं आणि घरात एक शुद्धीतला माणूस हवा. आधी फिट आली असेल, भ्रम झाला असेल, कावीळ असेल, तर थेट भरती.

दुसरी चूक सलाईनची. अशक्तपणा आला म्हणून ग्लुकोज चढवतात. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, आधीच संपत आलेलं असतं, ग्लुकोज उरलंसुरलं खाऊन टाकतं आणि मेंदूवर येतं: डोळे फिरतात, चाल जाते, आठवण जाते. थायमिनचं इंजेक्शन आधी. आणि दारू सोडवायला "चहात टाकायची गोळी"? डायसल्फिराम. माणसाला न सांगता देऊ नका. वरून प्याला की बीपी कोसळतं, जीवावर बेततं.

त्या माणसाला शेवटी जिल्ह्याला नेलं, वाचला. पुढे दर आठवड्याला बोलावलं होतं. एसटीनं जाऊन-येऊन दिवस जातो, रोजी बुडते. सोयाबीन निघायच्या दिवसांत कोण जाईल? दोनदा गेला, मग परत गुत्त्यावर. त्याला दोष देऊन मोकळे होता येतं, पण आठवड्याची तपासणी चालत जाण्याच्या अंतरावर असती तर?

व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडून मारणाऱ्या जागा आहेत, मान्य. म्हणून तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे: दारूचं व्यसन त्यात येतं, रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे, भरती करून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. नोंदणी विचारा, जरूर विचारा. पण खाट नसलेल्या ओपीडीत कोणाला कोंडणार?

विरोधात हात वर करणाऱ्यांत त्याच बायका होत्या ज्यांनी मतदान करून बाटली आडवी केली होती. त्यांच्यावर राग धरवत नाही. वीस वर्षं ओकारी पुसलेल्या बाईला आणखी दहा बेवडे दारात नको वाटतात, चुकतं कुठे तिचं? पण माय, दुकान बंद झालं त्याच आठवड्यात कोणाकोणाच्या घरात थरथर सुरू झाली, आठवून बघ.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला. त्याआधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. ठराव तिथून आणा, खोलीचा नकाशा आणि दोन दिवसांची वेळ लिहून जोडा, पोरींच्या शाळेची वेळ सोडून. तोवर घरात कोणी एकदम सोडली असेल तर दोरी शोधू नका. १४४४६ ला फोन करा, फुकट आहे. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका, १०८ बोलवा.