खुलासा : ‘मोठा टर्बो बसवा, पॉवर डबल’ हा मेसेज अर्धवट आहे

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीप्रेमींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : साध्या पेट्रोल इंजिनाला मोठा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) लावून १ बार बूस्ट (हवेचा जादा दाब) दिला की पॉवर दुप्पट, बाकी काही बदलायची गरज नाही. हे खरं नाही.

१ बार बूस्ट म्हणजे हवेचा दाब साधारण दुप्पट, इतकं बरोबर. पण दाबली की हवा तापते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ७० टक्के धरून गणित केलं तर बाहेर पडणारी हवा १४५ अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर (ही तापलेली हवा थंड करणारा भाग) नसेल तर सिलिंडरला हवा मिळते जेमतेम दीडपट, तीही तापलेली. त्यात इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-इंधन किती पट दाबलं जातं ते) १० किंवा ११ असेल तर नॉकिंग (इंधनाचा आपोआप, अवेळी भडका) होऊन पिस्टन फुटू शकतो. इंजेक्टर, इंधनाचा पंप आणि ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग त्या हवेला पुरेसं हवंच.

आणि टर्बो मोठा म्हणजे चांगला, असंही नाही. तो उशिरा फिरतो. इंजिनाची सीसी, आरपीएम आणि हवी असलेली पॉवर ठरवून, कॉम्प्रेसर मॅप (कुठल्या दाबाला टर्बो किती हवा देतो याचा आलेख) बघूनच तो निवडायचा.

शिवाय गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे; रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

भाऊ, कुणाचं तरी कष्टाच्या पैशाचं इंजिन जाईल. तो मेसेज पुढे पाठवू नका.