अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणीची ‘सुटका’

घर भाड्याने देणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा सार असा: करार 11 महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, 500च्या स्टॅम्पवर नोटरी केली की काम झालं, वर ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहिलं की राहणाऱ्याला कसलाही हक्क सांगता येत नाही, आणि 12 वर्षं एकच माणूस राहिला तर घर त्याच्या नावावर होतं.

पहिलं विधान महाराष्ट्रात साफ चूक आहे. 11 महिने आले कुठून, तर 1908च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायलाच हवा, असं तो सांगतो. म्हणून देशभरातल्या एजंटांनी एक महिना कमी करून पळवाट काढली. दुसऱ्या राज्यातला मित्र ‘आमच्याकडे चालतं’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा खरंच बोलत असतो. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे, आणि त्याचं कलम 55 मुदत विचारतच नाही. भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. चुकवली तर 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा त्याच कलमातलं दुसरं वाक्य जास्त झोंबणारं आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाडं 20,000 ठरलं होतं आणि तो 12,000 म्हणाला, तर धावपळ मालकाची! नोटरीचा शिक्का सही कोणी केली ते सांगतो. नोंदणीची जागा तो घेत नाही.

आणि वाचवायचे तरी किती? महिना 20,000 भाडं आणि एक लाख परत करायचं डिपॉझिट धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर, अधिक डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर, पाव टक्का. 11 महिन्यांचे पावणेसहाशेच्या आसपास होतात. शहरात नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500. एजंटची दलाली याच्या कितीतरी पट असते, ती मात्र कुणी वाचवत नाही.

‘लायसन्स’ या नावाच्या जादूचं काय? 1882च्या ईझमेंट्स कायद्यात लायसन्स म्हणजे नुसती वापराची मुभा, मिळकतीत हितसंबंध नाही. पण मथळा लिहिला म्हणून मुभा सिद्ध होत नाही. दिल्लीच्या इम्पिरियल हॉटेलातल्या दोन खोल्या एका केशकर्तनकाराला दिल्या होत्या. कागदावर तो परवानाच होता. सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली मजकूर आणि हेतू तपासून तो भाडेपट्टा ठरवला. मुंबईकरांना तर 1 फेब्रुवारी 1973 ही तारीख पाठ असायला हवी: त्या दिवशी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना जुन्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने थेट संरक्षित भाडेकरू केलं. जुन्या मालकांच्या मनातली धास्ती तिथली आहे, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

मात्र 1999च्या कायद्याने मालकालाही संरक्षण दिलं आहे, ते मेसेजवाले सांगत नाहीत. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली आणि लायसन्सी (लायसन्सवर राहणारा) हलला नाही, तर कलम 24 प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो. ताबा सुटेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई वसूल होते. तिथे लेखी करार त्यातल्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे जो कागद मालक टाळतो, तोच त्याचं हत्यार. दुकानाच्या गाळ्याला मात्र ही वाट नाही.

राहिली 12 वर्षं. ती मुदतीच्या कायद्यातली (लिमिटेशन ॲक्ट), प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ठेवलेल्या ताब्याची मुदत. मालकाच्या परवानगीने राहणारा, भाडं भरणारा माणूस प्रतिकूल ताब्यात नसतोच, मग तो 12 राहो की 30 वर्षं. या भीतीने चांगल्या भाडेकरूला 11 महिन्यांनी बाहेर काढणारे घरमालक आहेत. त्यांनी खरं तर नवा करार नोंदवून घ्यावा. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठाही घरबसल्या देता येतो.