काच शाबूत, तरी टॅब्लेट निकामी

माझ्या टेबलाच्या खणात एक टॅब्लेट पडून आहे. त्याच्या काचेवर एक ओरखडा नाही, बॅटरी अजूनही दिवसभर टिकते, स्पीकर खणखणीत वाजतात आणि तरीही तो माझ्या काहीही उपयोगाचा राहिलेला नाही. तो घेताना मी रॅम, प्रोसेसरचे कोअर, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असा रीतसर तक्ता करून चार टॅब्लेटांची तुलना केली होती आणि त्या तक्त्यात तो सगळ्यांत वरचढ ठरला होता. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण असे वागणारी ती एकटी नाही. पहिल्या वर्षी एक अपडेट आले, त्यानंतर एकही आले नाही. मग एक दिवस बँकेच्या अ‍ॅपने या टॅब्लेटवर उघडायला नकार दिला, काही महिन्यांनी ब्राउझर नवा होईनासा झाला, आणि ज्या अ‍ॅपमध्ये मी रोज प्रुफे तपासत असे त्याची नवी आवृत्ती ‘आपल्या उपकरणासाठी उपलब्ध नाही’ असे दिसू लागले. लिनेजओएससारखी खुली सिस्टीम टाकून पाहा, असे एका मित्राने सुचवले, पण त्या टॅब्लेटचा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना सिस्टीम चढवणारा प्रोग्रॅम, कंपनीने कायमचा कुलूपबंद केलेला असल्यामुळे तोही मार्ग खुंटला.

गेल्या काही महिन्यांत ‘आयपॅड घेऊ, अँड्रॉइड घेऊ की विंडोजचा टॅब घेऊ?’ असे अनेकांनी विचारले. प्रत्येकाला तुटक उत्तरे देण्यापेक्षा माझे मत एकदा सविस्तर लिहावे, असे वाटले. ते मत असे, की टॅब्लेटच्या बाबतीत आपले पैसे काचेला आणि चिपला जेवढे जातात, त्याहून जास्त ते त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला आणि ती पुढे किती वर्षे सांभाळली जाणार या भरवशाला जातात. निवड करताना आधी हे तपासावे आणि बाकी सारे त्यानंतर.

टॅब्लेटचा इतिहास पाहिला की हे स्पष्ट दिसते. २७ जानेवारी २०१० रोजी अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला. त्याला कॅमेरा नव्हता, मेमरी कार्डाची जागा नव्हती, वजन ६८० ग्रॅम होते. कागदावरच्या तुलनेत तो कोणालाही हरवता आला असता. त्याच वर्षी सॅमसंगचा ७ इंची गॅलेक्सी टॅब आला, पण त्यावरचे अँड्रॉइड २.२ फोनसाठी बनलेले होते आणि ते वापरताना पदोपदी जाणवत असे. २०११ मध्ये ब्लॅकबेरीचा प्लेबुक आला. यंत्र घट्ट बांधणीचे आणि चपळ होते, पण सोबत ब्लॅकबेरीचा फोन नसेल तर सुरुवातीला त्यात ईमेलचे स्वतंत्र अ‍ॅपसुद्धा नव्हते. त्याच वर्षी जुलैत एचपीचा टचपॅड बाजारात आला. त्याची वेबओएस ही सिस्टीम ज्यांनी वापरली ते आजही तिच्याविषयी आदराने बोलतात, परंतु पन्नास दिवस पुरे होण्याआधीच कंपनीने तो बंद केल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी आणला, ज्यावर विंडोजचा चेहरा होता पण विंडोजचे नेहमीचे प्रोग्रॅम बसत नव्हते. २०१३ मध्ये त्या मालापोटी कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. या साऱ्यांत यंत्र म्हणून टाकाऊ असे एकही नव्हते. आयपॅड वगळता बाकीची ज्यांनी हौसेने घेतली, त्यांच्या हातात चांगली काच उरली आणि अ‍ॅप मात्र उरली नाहीत.

आजच्या आयपॅडची खरी ताकदही तिथेच आहे. २०१४ मध्ये आलेल्या आयपॅड एअर २ वर २०२१ ची आयपॅडओएस १५ चालली, म्हणजे सात वर्षांनंतरही त्या टॅब्लेटला नवी सिस्टीम मिळाली. चित्रकला, संगीत, हस्तलिखित टिपणे यांची मोठ्या पडद्यासाठी मनापासून बनवलेली अ‍ॅप आयपॅडवर जेवढी सापडतात तेवढी इतरत्र सापडत नाहीत, हे मला अँड्रॉइडची आवड असूनही मान्य करावेच लागते. पण आयपॅडच्या बाबतीतही डोळे झाकून चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामची आयपॅडसाठीची खास अ‍ॅप यायला २०२५ साल उजाडावे लागले, इतकी वर्षे लोक ब्राउझरवर किंवा फोनच्या ताणलेल्या अ‍ॅपवर भागवत होते. फाइल्स नावाचे अ‍ॅप २०१७ मध्ये आले आणि पेनड्राइव्ह जोडून त्यातली फाइल उघडण्याची सोय २०१९ मध्ये. आजही ज्यांच्या कामात शेकडो फाइलींची ने-आण असते त्यांना आयपॅडवर हात बांधल्यासारखे वाटते. स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे घेतानाच पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधावा लागतो.

अँड्रॉइडमध्ये निवडीला अंत नाही आणि अडचणीचे मूळही तेच आहे. बऱ्याच टॅब्लेटांत मेमरी कार्ड घालता येते, फाइली संगणकाप्रमाणे हव्या तशा हलवता येतात, आकारही हवा तो मिळतो. मात्र एकाच ‘अँड्रॉइड टॅब्लेट’ या नावाखाली सात वर्षे अपडेट देण्याचा शब्द देणारे टॅब्लेटही येतात आणि माझ्या खणातल्यासारखे, एका वर्षात वाऱ्यावर सोडलेलेही येतात. म्हणून अँड्रॉइड घेताना किती वर्षे सिस्टीम मिळणार आणि किती वर्षे सुरक्षा अपडेट, हे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत. कंपनीने ते कुठेच लिहिले नसतील तर ते मिळणार नाहीत असे समजावे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून या बाबतीत नियमच केला आहे, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सिस्टीमचे अपडेट उपलब्ध राहिले पाहिजेत. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण आजवर ही गोष्ट केवळ कंपनीच्या मर्जीवर सोडलेली होती.

आणखी एक लहानशी बाब अनेकांना घेतल्यानंतर कळते. ज्यांना मुख्यतः सिनेमे आणि मालिका पाहायच्या आहेत त्यांनी ‘वाइडवाइन एल१’ हे प्रमाणपत्र त्या टॅब्लेटला आहे का, हे आधी पाहावे. ते नसेल तर पडदा कितीही सुस्पष्ट असला, तरी बऱ्याच सशुल्क सेवा त्यावर धूसर चित्रच पाठवतात. अ‍ॅमेझॉनचे फायर टॅब्लेट अँड्रॉइडवरच आधारलेले असले तरी त्यांत गूगलचे प्ले स्टोअर येत नाही, त्यामुळे आपली रोजची अ‍ॅप अ‍ॅमेझॉनच्या दुकानात आहेत का हे पाहिल्याशिवाय ते घेऊ नयेत.

विंडोजच्या टॅब्लेटविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ज्यांना हिशेबाचा, आराखड्याचा किंवा छपाईचा एखादा विशिष्ट प्रोग्रॅम लागतोच लागतो, त्यांना दुसरा पर्याय नाही आणि त्यांनी तोच घ्यावा. पण १३ इंची सरफेस प्रोसारखे यंत्र कीबोर्डाशिवायही साधारण ९०० ग्रॅमचे असते. ते मांडीवर ठेवून, किंवा आडवे पडून एका हातात धरून अर्धा तास वाचून पाहावे, म्हणजे तो टॅब्लेट नसून कीबोर्ड सुटा होणारा संगणक आहे हे मनगटालाच समजते. विंडोजचे बरेचसे प्रोग्रॅम माउसच्या टोकासाठी बनलेले आहेत, त्यांची लहान बटणे बोटाला सापडत नाहीत. शिवाय आता यांत एआरएम प्रोसेसरचे, म्हणजे फोनमध्ये असते तशा जातीच्या चिपचे, टॅब्लेटही येतात. ते थंड राहतात, बॅटरी चांगली टिकते, आणि सरफेस आरटीच्या काळापेक्षा परिस्थिती खूपच सुधारलेली आहे, कारण जुने प्रोग्रॅम त्यांवर भाषांतराच्या थरातून चालवले जातात. तरी जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा एखादे खास यंत्र जोडायचे असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, एआरएमसाठी बनलेला असावा लागतो, तिथे भाषांतर कामास येत नाही.

आता पडद्याच्या आकाराविषयी थोडे थांबून लिहितो, कारण इथे इंचांचा आकडा आपल्याला चकवतो. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ९.७ इंचाचा ४:३ प्रमाणातला (रुंदी चार भाग, उंची तीन) पडदा आणि १०.१ इंचाचा १६:१० प्रमाणातला पडदा यांचे क्षेत्रफळ काढले, तर पहिला सुमारे ४५ चौरस इंच आणि दुसरा सुमारे ४६ भरतो. आकड्यात दिसणारी वाढ हातात जवळजवळ उरतच नाही. फरक पडतो तो वापरात. १६:९ चा चित्रपट पाहिला, तर ४:३ च्या पडद्यावर चित्राला सुमारे ३४ चौरस इंच मिळतात आणि १६:१० च्या पडद्यावर सुमारे ४१. उलट ए४ आकाराचे पान आडव्या टॅब्लेटवर पूर्ण रुंदीने लावले, तर ४:३ मध्ये त्याचा निम्म्याहून अधिक भाग एका नजरेत येतो आणि १६:१० मध्ये निम्म्याहून कमी. त्यातच पडद्यावरचा कीबोर्ड उघडला, की १६:१० मध्ये मजकुराच्या चारदोन ओळीच दिसत राहतात. आयपॅड ४:३ किंवा त्याच्या आसपासचे असतात, सरफेस ३:२ चे, आणि बहुतेक अँड्रॉइड टॅब्लेट १६:१० चे किंवा त्याहून लांबट असतात. तेव्हा आपण वाचणारे आहोत की पाहणारे, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारून मग आकार ठरवावा.

पेनच्या बाबतीत तर मी अगदी आग्रही आहे, कारण माझे पोट त्यावर चालते. प्रुफावर काना किंवा अनुस्वार सुधारताना पेनचे टोक जिथे टेकते नेमकी तिथेच शाई उमटली पाहिजे. काही टॅब्लेटांत वरची काच आणि खालचा पडदा यांच्यामध्ये हवेचा बारीकसा थर असतो. तिरक्या नजरेने पाहिले की टोक आणि रेघ यांत केसभर अंतर दिसते, आणि तेवढ्या अंतराने माझा अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. काच पडद्याला चिकटवलेली असेल तर हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही, कारण पडद्यामागचा थर चुंबकीय क्षेत्रातून त्याला शक्ती पुरवतो. अ‍ॅपलची पेन्सिल चार्ज करावी लागते, पण तिची रेघ अत्यंत भरवशाची आहे. तिचा दोष वेगळाच आहे: २०१५ पासून तिचे चार प्रकार आले आणि प्रत्येक प्रकार ठरावीक आयपॅडवरच चालतो, इतके की २०२२ च्या साध्या आयपॅडला पहिल्या पिढीची पेन्सिल लागे आणि ती जोडायला वेगळा अडॅप्टर लागे. पेन सोबत येते की वेगळी घ्यावी लागते, ती याच मॉडेलवर चालते का, आणि लिहिताना तळहात काचेवर टेकला तर रेघोट्या उठतात का, एवढे स्वतःच्या हाताने पाच मिनिटे लिहून पाहिल्याशिवाय टॅब्लेट घेऊ नये. रबरी टोकाच्या साध्या पेनने बोटाचेच काम होते. तिला दाब कळत नाही.

ज्यांना केवळ वाचायचे आणि टिपणे काढायची आहेत, त्यांनी ई-इंकच्या टॅब्लेटांचा विचार जरूर करावा. किंडल स्क्राइब आणि रिमार्केबल ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्या पडद्यातले काळे-पांढरे कण पान बदलतानाच हलतात, म्हणून बॅटरी अनेक दिवस पुरते आणि भर उन्हातही अक्षर कागदासारखे दिसते. व्हिडिओची अपेक्षा मात्र त्यांच्याकडून ठेवू नये.

कॅमेरा आणि प्रोसेसर यांविषयी मी फारसे लिहीत नाही. टॅब्लेटचा मागचा कॅमेरा कागदाचा फोटो काढण्यापुरता पुरे असतो, आणि मध्यम प्रतीचा कोणताही आजचा प्रोसेसर वाचन, लेखन व व्हिडिओ कॉल सहज पेलतो.

या वर्षी आमच्या घरात दोन टॅब्लेट आले आणि ते एका जातीचे नाहीत. माझ्यासाठी मी पेनसह येणारा, मेमरी कार्ड घेणारा आणि सात वर्षे अपडेट मिळण्याचा लेखी शब्द असलेला अँड्रॉइड टॅब्लेट घेतला, कारण प्रुफांच्या फाइली मला दिवसातून वीस वेळा इकडच्या तिकडे कराव्या लागतात. बाबांसाठी साधा आयपॅड घेतला. त्यांना जुनी स्कॅन केलेली पुस्तके वाचायची असतात, नातीशी व्हिडिओवर बोलायचे असते, आणि हात थोडे थरथरतात म्हणून वजन कमी हवे होते. सिस्टीमच्या कटकटींकडे पाच-सहा वर्षे कोणाला पाहावे लागू नये, ही इच्छा माझी होती. फोनवर ते एकेक ओळ दोन बोटांनी मोठी करून, पान डावीकडून उजवीकडे सरकवत वाचत असत आणि दहा मिनिटांत कंटाळून ठेवून देत. आता टॅब्लेट टेबलावर स्टँडला उभा लावलेला असतो, अख्खे पान एकदम समोर दिसते, आणि काल रात्री मी दिवा मालवायला गेलो तेव्हा बाबा एका जाडजूड चरित्राच्या एकशे चाळिसाव्या पानावर होते. चष्मा मात्र तोच, जुना आहे.