पॉलिएस्टरचा ‘डेल्फॉस’ आणि तुमचे चार आक्षेप

नमस्कार ताई. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि बरीचशी बरोबरही, म्हणून दोन ओळींत न उरकता जरा ऐसपैस लिहिते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी: भाचीच्या रिसेप्शनला मी बारीक चुण्यांचा, पायघोळ, मातकट सोनेरी गाऊन ऑनलाइन मागवला. व्हेनिसचा डिझायनर मारियानो फॉर्च्युनी याच्या ‘डेल्फॉस’ या, ग्रीक पुतळ्यावरून सुचलेल्या चुण्यांच्या गाऊनवर बेतलेला. ताईंचं म्हणणं असं, की पॉलिएस्टरला डेल्फॉस म्हणणं ही फसवणूक. चित्रं छापलेल्या गाऊनना मी नाकं मुरडते, पण घेते नक्कलच. मारियानोची सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या हेन्रिएट नेग्रँचं नावही लेखात नाही. आणि कपाटात पैठणी असताना ग्रीक पुतळ्याचा झगा कशाला?

हेन्रिएटबद्दल आधी. ती चूक माझीच. १९०९ मध्ये पॅरिसला पेटंट निघालं ते मारियानोच्या नावावर, पण मूळ कल्पना हेन्रिएटची, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. त्याने कबूल केलेलं श्रेय मी गाळलं! लेखात दुरुस्ती केली आहे.

पॉलिएस्टरवर मात्र मी भांडणार. मूळ डेल्फॉस रेशमी होता आणि त्याच्या चुण्या पाण्याने सुटत. मग गिऱ्हाइकं तो पुन्हा चुण्या घालायला व्हेनिसला पाठवत. आमचं रिसेप्शन होतं जूनमध्ये, ठाण्यात! पॉलिएस्टर तापवून दाबलं की घडी त्याच्या अंगात मुरते, धुतलं तरी जात नाही. जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ हा चुण्यांच्या कपड्यांचा ब्रँड आणला ते याच गुणावर: कपडा अडीच-तीन पट मोठा शिवायचा आणि मग कागदांमध्ये धरून गरम दाबाखाली चुण्या पाडायच्या. म्हणजे पॉलिएस्टर इथे केवळ स्वस्तातली पळवाट नाही. पण ‘अगदी रेशमासारखा’ असं मी लिहिलं होतं, ते खोटं. एसी हॉलमधून पार्किंगपर्यंत गेले आणि गाऊन पाठीला चिकटला तो घरी येईपर्यंत.

नक्कल कोणती आणि बेतलेलं कोणतं, याचं माझं माप सोपं आहे. चित्रकार क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र पोटावर छापलं की चित्रातल्या बाईचा चेहरा नेमका आपल्या घडीत जातो. उलट १९६५ मध्ये फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँने मोंद्रियानच्या रंगीत चौकोन आणि काळ्या रेषांच्या चित्रांवरून ड्रेस केले, तेव्हा चौकोन छापले नाहीत. जर्सीचे रंगीत तुकडे जोडले आणि शिवणी त्या रेषांत लपवल्या. चित्र कपड्याच्या बेतात उतरलं पाहिजे. म्हणून ऑनलाइन घेताना मी समोरचा फोटो सोडून पाठीचा आणि बसलेल्या मॉडेलचा शोधते. नितंबांवर चुण्या ताणून सपाट झालेल्या दिसल्या, तर एक माप मोठं घ्यावं.

आणि उंची! हे लेखात हवं होतं. डेल्फॉस जमिनीवर पसरायलाच केलेला, मी पाच फूट एक इंच. कोपऱ्यावरच्या टेलरकडून खालून चार इंच कापून घेतला आणि दुमडून शिवल्यावर कड कोबीच्या पानासारखी फुलारली. चुण्या पाडण्याआधीच कड दुमडावी लागते, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? घाई माझी होती. उंची बघूनच घ्या.

आता पैठणी. डेल्फॉस बेतलाय ग्रीसमधल्या डेल्फीच्या सारथ्याच्या ब्राँझ पुतळ्यावरून, म्हणजे मुळात तो एका पुरुषाचा गाडी हाकायचा पोशाख. माझ्याआधी युरोपातल्या बायकांनीच तो उसना घेतला. आणि १७८३ मध्ये चित्रकार व्हिजे ल ब्रँने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात रंगवलं, तेव्हा राणी अंतर्वस्त्रात बसलीय म्हणून इतका गहजब झाला, की चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. तसली तलम मलमल तेव्हा युरोपात जायची ती आपल्या बंगालमधून. त्यांनी आपली मलमल नेली, मी त्यांच्या चुण्या घेतल्या.

गाऊन ठेवता कसा, असंही तुम्ही विचारलंय. इस्त्री नाही, हँगर नाही. डेल्फॉस लोकरीच्या लडीसारखा पिळून गोल डब्यात ठेवत, तसाच मीही ठेवते. आई राजस्थानी चुरगळ घागरा असाच पीळ घालून ठेवायची. माझा सध्या चकलीच्या रिकाम्या डब्यात आहे, धुऊन वाळवलेल्या.