गाणं मागावं, मिळू मात्र देऊ नये

मुंबई दूरदर्शनच्या जुन्या मैफली पुन्हा दाखवाव्यात म्हणून मोहीम काढायची म्हणता? काढाच. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, मुलं परदेशी गेली की माणसाने एक मोहीम हाती घ्यावी. झाडं लावायची तर उन्हात उभं राहावं लागतं, सोसायटीच्या राजकारणात शिरावं तर शेजारी तुटतात. ही मोहीम मात्र पंख्याखाली बसून चालते आणि यशाची धास्ती नसते. धास्ती अगदीच नाही असं म्हणता येत नाही, थोडी आहे. म्हणूनच हा लेख.

आधी मागणी ठरवा. नवखे रसिक इथेच घसरतात. अमुक साली अमुक दिवशी झालेला अमुक कार्यक्रम, असं नेमकं लिहून मोकळे होतात. एखादा भला कर्मचारी उठतो, ती फीत शोधून काढतो आणि तुमची मोहीम पंधरा दिवसांत आटोपते. मागणी मोठी हवी आणि धूसर हवी. ‘सर्व दिग्गजांचं सर्व चित्रमुद्रण मूळ रंगात दाखवा’ हे मला सर्वांत आवडलेलं वाक्य. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, रंग आला १९८२ साली. तेव्हा त्याआधीच्या दहा वर्षांचा मूळ रंग करडा. पण हे निवेदनात लिहू नका. वसंतराव देशपांडे जुलै १९८३ मध्ये गेले, म्हणजे मुंबईच्या पडद्यावर यायला त्यांना अकरा वर्षंसुद्धा पुरती मिळाली नाहीत, हा हिशोबही नको. असे हिशोब मांडले की काम एकदम आवाक्यातलं वाटायला लागतं. त्यापेक्षा मुंबई दूरदर्शनवरची बालगंधर्वांची मुलाखत मागा. बालगंधर्व १९६७ साली गेले, केंद्र त्यानंतर पाच वर्षांनी आलं. अशी एक मागणी यादीत असली की मोहिमेला मरण नाही.

यूट्यूबवर प्रसार भारतीने आपल्या संग्रहातलं बरंच काही आधीच टाकून ठेवलंय, त्या बाजूला फिरकू नका. ज्या बुवांसाठी आपण उपोषणाची भाषा करतोय ते तिथे फुकटात पाऊण तास गाताना सापडले तर तोंड कुठे लपवणार? शिवाय पाऊण तास बसून ऐकावं लागेल ते वेगळंच.

आता पत्रव्यवहार. माहितीचा अधिकार जरूर वापरा, दहा रुपयांत एवढा लांबलचक विरंगुळा दुसरा नाही. उत्तराला ३० दिवस, मग पहिल्या अपिलाला ३०, दुसऱ्याला ९०. हात राखून वापरला तर एक अर्ज लोणच्याच्या बरणीसारखा वर्षभर पुरतो. फक्त विचारताना काळजी घ्या. ‘फितींची यादी द्या’ असं विचारलंत तर यादी येईल. ‘सांस्कृतिक ठेव्याबाबत आपलं धोरण काय?’ असं विचारा. धोरण हा शब्द दिसला की पलीकडचा अधिकारीही सुखावतो. बिचारा तोही निवृत्तीला आलेला असतो, आणि धोरणावर चार पानं लिहायला कपाट उघडावं लागत नाही. कायद्यात अभिलेख स्वतः जाऊन पाहायचीही सोय आहे, पण त्यासाठी वरळीला, केंद्रावर जावं लागतं. वरळी लांब आहे. आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ साली व्होयेजर अंतराळयानावर बसून निघाली ती सूर्याचं राज्य ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचलीसुद्धा. पण वरळीहून दादरला गाणं आणायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

प्रत्येक मोहिमेत एक जाणता माणूस घुसतोच. आमच्यातही घुसला होता. पहिल्याच सभेत उभा राहून सांगायला लागला की जुन्या कार्यक्रमांच्या फिती पाऊण इंची, यू-मॅटिक नावाच्या जातीच्या. तासाची फीत संगणकात उतरवायला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. ती वाजवणारं यंत्र आता कोणी बनवत नाही, तेव्हा दोन मेलेल्या यंत्रांचे भाग काढून तिसरं जगवायचं. त्यात मुंबईची हवा. फितीवरची लोहाची भुकटी ज्या डिंकासारख्या द्रव्याने बसवलेली असते ते वर्षानुवर्षं ओल पीत राहतं, मग फीत यंत्राच्या डोक्याला चिकटते आणि किंचाळते. अशी फीत पन्नासेक अंशांच्या मंद आचेवर काही तास भाजायची. भाजली की थोडे दिवस सुधारते, तेवढ्यात उतरवून घ्यायची, कारण पुढच्या वेळी ती ऐकेलच असं नाही. ‘म्हणून आधी कुठल्या फिती सगळ्यांत वाईट अवस्थेत आहेत ते विचारा,’ तो म्हणाला. सभेत शांतता पसरली. कोणीतरी चहा आला का पाहायला उठलं. अशा माणसाला विरोध करायचा नसतो, त्याला उपाध्यक्ष करायचं असतं. अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत हॉलची वेळ संपते.

कायद्याचा मुद्दा दोन ओळींत उरका. कलाकाराच्या हक्काची मुदत ५० वर्षं, प्रक्षेपणाच्या हक्काची २५, हे आकडे एकमेकांत गुंतवून म्हटले की समोरचा गप्प बसतो. आपल्यालाही अर्थ कळला नाही तरी बिघडत नाही.

इंग्लंडचा दाखला मात्र हवाच. ‘तिकडे पाहा कसं जपतात!’ हे वाक्य ठोकून द्यायचं, तपासायचं नाही. तपासलंत तर कळेल की बीबीसीने १ जानेवारी १९६४ ला सुरू केलेल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या पॉप गाण्यांच्या कार्यक्रमाचे सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक भाग स्वतःच्याच हाताने पुसून टाकले. दोन इंची फीत महाग, तिच्यावर उद्याचा कार्यक्रम घ्यायचा, आणि पॉप गाणं दुसऱ्यांदा कोण बघणार? बीटल्स जून १९६६ मध्ये स्टुडिओत जातीने येऊन गेले, तेही पुसलं. उरले ते कुणीतरी घरच्या टीव्हीपुढे कॅमेरा धरून टिपलेले थोडे सेकंद, तेही मुके. तिकडचा गायक डेव्हिड बोवी, त्याचं याच कार्यक्रमातलं जानेवारी १९७३ चं एक गाणं असंच गेलं म्हणून सगळ्यांनी सुतक पाळलं होतं. ते २०११ साली सापडलं, चित्रीकरण करणाऱ्या कॅमेरामनच्याच घरी. आपल्या खास भिंगाची करामत चार लोकांना दाखवावी म्हणून त्याने एक प्रत करून घेतली होती. जगात दुसरी प्रत नाही हे त्या गृहस्थाला अडतीस वर्षं माहीतच नव्हतं, आणि कळल्यावर त्याने काय केलं? देऊन टाकली. त्याच डिसेंबरात ती टीव्हीवर लागलीसुद्धा.

असला गाफील माणूस मोहिमेत असता कामा नये. आपल्याकडे प्रत्येकाला आपल्या कपाटात काय आहे ते पक्कं ठाऊक असतं.

तर मोहिमेचा खरा आधारस्तंभ म्हणजे संग्राहक. त्यांच्या घरी जायचं तर आधी दोनदा फोन करायचा, तिसऱ्यांदा त्यांनीच ‘या रविवारी, पण एकटे या’ म्हणायचं. एका संग्राहकांकडे मी गेलो होतो. लोखंडी कपाट, आत डांबराच्या गोळ्यांचा वास, कॅसेटी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत, प्रत्येकीला रबर. पोहे झाले. मग त्यांनी पडदे ओढले, दार लावलं आणि एक कॅसेट यंत्रात सरकवली. पडद्यावर बर्फ पडला, आडवी रेघ वरून खाली गेली, आणि एकदम तानपुरे आले. बुवांनी डोळे मिटले, षड्ज लावला, हात किंचित उचलला... आणि संग्राहकांनी बटण दाबलं. ‘पुढचं आहे,’ ते म्हणाले, ‘पण आज नको.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पाहून त्यांना फार बरं वाटलं. चाळीस सेकंदांचा एक तुकडा त्यांनी नंतर सगळ्यांसाठी खुला केला. त्यात बुवांच्या कपाळावर, बरोबर गंधाच्या जागी, संग्राहकांचं नाव होतं. आमच्या निवेदनावर पहिली सही त्यांचीच: ‘जनतेचा ठेवा जनतेला मिळालाच पाहिजे.’

सह्या जमवून झाल्या की भांडणं सुरू करा, नाहीतर सभासद कंटाळतात. विषय शोधावे लागत नाहीत. तबल्यावर कोण होतं? कार्यक्रम गणपतीत झाला की नवरात्रात? ‘माझ्या वडिलांनी स्वतः पाहिला होता, निवेदिकेची साडी हिरवी होती’ असं कोणीतरी म्हणेल. टीव्ही कृष्णधवल होता हे दाखवून देऊ नका, वडिलांचा अपमान होतो. फक्त फीत सापडली तर हे सगळे वाद पाच मिनिटांत मिटतील आणि तीनशे माणसं घरी जातील, एवढं ध्यानात ठेवा.

जुने कार्यक्रम परत दाखवणं अशक्य आहे असं मात्र चुकूनही म्हणू नका. २८ मार्च २०२० ला रामायण परत लागलं, एप्रिलमध्ये तर जुन्याच कार्यक्रमांसाठी डीडी रेट्रो नावाची अख्खी वाहिनी निघाली. आदेश निघाला की फिती मिळतात हे सिद्ध झालेलं आहे. फक्त त्यासाठी सगळा देश घरात कोंडावा लागतो.

आणि समजा, आपली सगळी खबरदारी फोल ठरली, आणि एका रात्री ते खरोखरच दाखवलं? घाबरू नका, तरतूद आहे. जुनं चित्र चारास तीन, आताचा पडदा सोळास नऊ. बहुतेक वेळा ते आडवं ताणून बसवतात. सडपातळ बुवा त्यामुळे पैलवान दिसतात, आणि तानपुऱ्याचे भोपळे दोन माणसांच्या पंगतीला पुरतील एवढे. नाहीतर वरखाली कापून बसवतात, मग मागच्या शिष्यांना डोकी उरत नाहीत. खाली पट्टी पळते, कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, आणि विलंबित संपून द्रुत चालू होणार तेवढ्यात वेळ संपलेली असते. तुम्ही त्याच रात्री पत्र लिहायला घ्या: ‘हे नव्हे, आम्ही म्हणत होतो तो दुसरा कार्यक्रम.’ गाणं कसं झालं असं कोणी विचारलंच तर सांगा की मी मोबाइलवर चित्रण करत होतो, लक्ष नव्हतं. हे खोटंही नसेल.

‘फिती पुसणाऱ्यांना इतिहास माफ करणार नाही’ हे आमच्या निवेदनातलं शेवटचं वाक्य मीच घातलंय. टाळ्या पडतात तिथे. ते घातलं त्याच आठवड्यात दिवाळीच्या सफाईसाठी माळ्यावर चढलो होतो. जुन्या ट्रंकेत स्वेटरांच्या खाली एक व्हीएचएस कॅसेट निघाली, पाठीवर माझ्याच शाळकरी अक्षरात: ‘गाणं. पुसू नये.’ दोनदा अधोरेखित. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खुंटी तोडायची असते, तीही मी तेव्हा तोडलेली होती. पण त्या खाचेवर कोणीतरी चिकटपट्टी लावलेली होती. चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे त्या काळी घराघरात ठाऊक होतं. कोरी कॅसेट महाग.

मी संग्राहकांकडे गेलो नाही. ओळखीतल्या एकाचं जुनं यंत्र मागून आणलं, ते लागायला अर्धा दिवस गेला. मग बर्फ, आडवी रेघ आणि तानपुरे. तेच बुवा असावेत, तेच डोळे मिटणं. या वेळी कोणी बटण दाबलं नाही. बंदिशीचं तोंड आलं, समेवर मान हलली, पहिला आलाप वर चढायला लागला. गंधारावर ते थांबले, श्वास घेतला, आणि पडदा एकदम रंगीत झाला. चौरंग, केळीचे खुंट, जेवायला बसलेल्या बटूंची ओळ, मधोमध माझा धाकटा भाऊ, मुंडण केलेला, आई त्याला भरवतेय आणि तो रडतोय. मुंजीची कॅसेट बेळगावच्या मामाला द्यायला हवी होती आणि घरात कोरी नव्हती, हे आईला विचारल्यावर लगेच आठवलं. ‘तुझं ते गाणं होतं ना, त्याच्यावर घेतली. आणि मामाकडे तरी कुठे गेली शेवटी? इथेच राहिली.’

मी उरलेली मुंज पाहिली. दीड तासाची आहे, प्रत उत्तम. भावाने मागितलीय. मी म्हटलं, बघू, या रविवारी ये. एकटाच ये.